आजोबाचं नावच आडनाव झालं

दिवाळी सरली की आपल्या भागातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. नवरा-बायको कोयता घेऊन जातात, लेकरं आजीपाशी राहतात. आज उसाचीच एक जुनी गोष्ट सांगते, पण समुद्रापलीकडची.

मॉरिशस नावाचं बेट आहे. तिथली गुलामी बंद होत आली तेव्हा उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. म्हणून १८३४ पासून इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारावर माणसं न्यायला सुरुवात केली. १९१० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. त्यात आपल्या कोकणातली, रत्नागिरीकडची मराठी कुटुंबंही होती. करार बहुधा पाच वर्षांचा असे. कितीतरी जण परतलेच नाहीत.

पोर्ट लुईसच्या धक्क्यावर उतरलं की प्रत्येकाला नंबर मिळायचा, बाईमाणसालासुद्धा. वहीत नाव, बापाचं नाव, वय लिहायचे. आडनाव बहुतेकदा राहूनच जायचं. मग पुढच्या पिढ्यांनी आजोबा-पणजोबाचं नावच आडनाव म्हणून लावलं. आजही तिथं सखाराम, गोविंद अशी आडनावं भेटतात.

नातवंडं आता घरात क्रिओल भाषा बोलतात. तरी गणपती बसतो, झाकरीचा नाच होतो, शाळेत मराठी शिकवतात. कोणी शिकवलं हे सगळं? रात्री नातवाला मांडीवर घेणाऱ्या आज्या-आजोबांनीच की. तो धक्का आज आप्रवासी घाट म्हणून ओळखला जातो. २००६ मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. जुन्या वह्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपल्यात. नातवंडं तिथं येतात, पूर्वजाचा नंबर शोधतात आणि त्यावरून मुळाचा माग काढतात.

आता आपलं बघा. मुकादमाच्या वहीत उचल लिहिलेली असते. पण सहा-सहा महिने लेकरं सांभाळणाऱ्या आजीचं नाव कोणत्या वहीत आहे? मागच्या बैठकीत मी बायांना विचारलं, तुमच्या आजीचं माहेरचं नाव काय? बाराजणींत तिघींनाच सांगता आलं. मलाही आलं नाही. घरी जाऊन आईला विचारलं, तेव्हा कळलं.

म्हणून एक करू. गटाच्या रजिस्टरचं शेवटचं पान कोरं ठेवू. त्यावर प्रत्येकीनं आजीचं नाव, तिचं माहेर आणि तिनं शिकवलेली एक गोष्ट लिहायची. लिहिता येत नसेल तिनं सांगावं, नातीनं लिहावं. आजी आहे तोवरच हे विचारता येतं.