७१ टक्क्यांची गोष्ट

झेरॉक्सच्या दुकानात ए-३ आकाराचा नकाशा द्या आणि ए-४ वर काढायला सांगा. दुकानदार मशीनवर ७१ टक्के हा आकडा टाकतो. नकाशाची कड कापली जात नाही, की एका बाजूला रिकामी पट्टी उरत नाही. हा आकडा आला कुठून?

२५ ऑक्टोबर १७८६. जर्मनीतल्या गॉटिंगेनचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक लिष्टेनबर्ग यांनी आपले मित्र बेकमान यांना पत्र लिहिलं. बीजगणित शिकायला येणाऱ्या एका इंग्रज मुलाला त्यांनी कोडं घातलं होतं: कितीही वेळा अर्धा केला तरी ज्याचा आकार तसाच राहील, असा कागद शोध. उत्तर आलं, लांबी रुंदीच्या १.४१४ पट हवी, म्हणजे दोनाच्या वर्गमूळाइतकी. लिष्टेनबर्ग कात्री घेऊन कागद कापायला बसले, तर समोरचा साधा कागद आधीपासून त्याच मापाचा निघाला! हा कागद बनवणाऱ्यांना घालून दिलेला नियम आहे की नुसती परंपरा, असं त्यांनी पत्रात विचारलं.

१७९८ मध्ये फ्रान्सने मुद्रांक कराचा कायदा केला. त्यातली कागदाची काही मापं याच प्रमाणात होती. एक तर आजच्या ए-२ शी जवळपास तंतोतंत जुळतं. पण ती मापं पुढे विस्मरणात गेली.

विसाव्या शतकात नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड यांनी हेच प्रमाण घेऊन १ सेंटिमीटरपासून मापं मांडली. त्यांचे सहायक राहिलेल्या वाल्टर पोर्स्टमान यांनी सुरुवातच बदलली: सर्वांत मोठा कागद बरोबर १ चौरस मीटरचा. तो ए-०. चार वेळा अर्धा केला की २१० × २९७ मिलिमीटरचा ए-४. १९२२ मध्ये हे जर्मनीचं मानक झालं, १९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय.

चौरस मीटरमुळे वजनही सोपं झालं. ८० जीएसएम म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम. ए-४ त्याचा सोळावा भाग, म्हणून एक पान ५ ग्रॅमचं. टपालखर्चासाठी पानं मोजली तरी पुरे. पाकिटंही याच हिशेबात बसवली: ए-४ न दुमडता सी-४ मध्ये जातो, एक घडी घालून सी-५ मध्ये, दोनदा अर्धा दुमडून सी-६ मध्ये. तीन भागांत दुमडला, तर ११० × २२० मिलिमीटरच्या लांबट डीएल पाकिटात.

आपल्याकडे मात्र ब्रिटिशांबरोबर आलेला फुलस्केप रुळला. जुन्या युरोपीय कागदावर विदूषकाच्या टोपीचं जलचिन्ह असायचं, त्यावरून हे नाव पडलं. कोर्टकचेऱ्यांत त्याचा भाऊबंद लीगल कागद टिकला, ८.५ × १४ इंचांचा. तो अर्धा केला की ८.५ × ७, जवळजवळ चौकोनच. शिवाय छपाई एकाच बाजूने. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ए-४ आणि दोन्ही बाजूंनी छपाई स्वीकारली. हिशेब करून पाहा: हजार पानी याचिकेची ए-४ वरची एक प्रत एका बाजूने छापली तर ५ किलो, दोन्ही बाजूंनी अडीच. आणि प्रती एकापेक्षा जास्त लागतात.

अमेरिकेत आजही लेटर कागद चालतो, २१६ × २७९ मिलिमीटरचा. म्हणून पुढच्या वेळी बायोडेटाची प्रिंट काढताना मोबाइलवर ‘लेटर’ दिसलं, तर बदलून ‘ए-४’ करा. नाहीतर दोनाच्या वर्गमूळाने सोडवलेला प्रश्न दुकानदाराला पुन्हा सोडवत बसावा लागेल.