पोलादावरची अक्षरं

कोफ्ता करीतला कोफ्ता आणि तलवारीवरचं सोन्याचं काम, दोन्ही शब्द एकाच फारसी क्रियापदातून आलेत. कोफ्तन, म्हणजे कुटणं. खिमा कुटला की कोफ्ता. पोलादावर बारीक रेघांची जाळी ओरखडून तिच्यावर सोन्याची तार ठोकून बसवली की कोफ्तगिरी.

इराणपासून दख्खनपर्यंत चिलखतं, शिरस्त्राणं, ढाली अशाच सजल्या. छाती, पाठ आणि दोन्ही कुशी झाकणाऱ्या चार पत्र्यांना ‘चार-आईना’ म्हणत, म्हणजे चार आरसे. त्यांवर अनेकदा कुराणातली वचनं असत. ती नुसती श्रीमंती नव्हती. वार पोलादाने अडवायचा. पोलाद कमी पडलंच, तर भिस्त अक्षरांवर.

हाच विचार मला आमच्या अकोला जिल्ह्यातल्या नरनाळ्यावर दगडात दिसतो. शहानूर गावावरून चढत गेलं की महाकाली दरवाजा लागतो, १४८७ सालचा, बहमनी काळातला. किल्ल्याची सगळ्यात नाजूक जागा म्हणजे दरवाजा. तिथेच कुराणातली वचनं कोरली आहेत आणि त्यांच्या सोबतीला कमळं. किल्ल्याने घातलेलं चिलखतच ते!

पुढे वऱ्हाडच्या महसुलात निजामासोबत नागपूरकर भोसलेही वाटेकरी झाले. या घराण्याने १८०३ साली अडगावची लढाई इंग्रजांशी हरली आणि १५ डिसेंबरला अमरावतीकडचा गाविलगडही गमावला. त्याच घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी. त्यांची तलवार २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात महाराष्ट्र सरकारने घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली.

तेव्हा माझ्या फोनवर एकच वाक्य फिरत होतं : आपली तलवार परत आली. खरंच आहे. पण या ‘आपली’मध्ये काय काय आहे ते बघा. पातं युरोपात घडलेलं, म्हणून ती फिरंग. मुठीवर सोन्याचं कोफ्तकाम. पात्यावर सोन्यात, देवनागरीत रघुजींचं नाव आणि शाहू महाराजांनी दिलेला किताब : सेनासाहेबसुभा. त्यातली ‘सेना’ संस्कृत. ‘साहेब’ आणि ‘सुभा’ मूळचे अरबी.

आयतींच्या जागी मराठी नाव आलं, सोनं बसवायची रीत तीच राहिली. आज आपण यातलं आपलं कोणतं आणि परकं कोणतं, याची वाटणी करत बसतो. ज्याचं नाव त्या पात्यावर आहे, त्याने हे सगळं एकाच मुठीत धरलं होतं.