२८ नोव्हेंबर २०१४ : सर्वात मुबलक खनिजाची ओळख
ऑलिव्हर चाउनर आणि सहकाऱ्यांनी ब्रिजमनाइट या खनिजाचा शोध ‘सायन्स’ नियतकालिकाच्या या दिवशीच्या अंकात जाहीर केला. १८७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये पडलेल्या टेनहॅम अशनीत, अवकाशातील धडकेने वितळून गोठलेल्या बारीक शिरांमध्ये, त्याचे अतिसूक्ष्म कण सापडले.

पृथ्वीच्या आकारमानाचा सुमारे ३८ टक्के भाग या एकाच खनिजाने व्यापला आहे. तरीही तोवर ते निनावी होते, कारण निसर्गातला नमुना तपासल्याशिवाय खनिजाला अधिकृत नाव मिळत नाही आणि याचे घर जमिनीखाली ६६० किलोमीटरच्याही खाली. सूक्ष्मदर्शकातल्या इलेक्ट्रॉनच्या झोतात त्याची स्फटिकरचना मोडते. सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी ती शाबूत टिपली. हे खरे कौशल्याचे काम! नाव दिले उच्च दाबावरील संशोधनाचे नोबेलविजेते पर्सी ब्रिजमन यांचे.

वातावरणाच्या दोन लाख पटींहून अधिक दाबाखेरीज हे खनिज घडत नाही. म्हणून अशनीतला त्याचा एकेक कण जुन्या टकरीचा जोर सांगतो. आपल्या लोणारच्या आघात-विवरातील बेसॉल्टमधले मॅस्केलिनाइट, म्हणजे आघाताने काचरूप झालेले फेल्डस्पार, याच पद्धतीने वाचले जाते.