साखरेचें सफरचंद

शरद ऋतूंत अमेरिकेंतील घरोघरीं सफरचंदाच्या आकाराचीं गोड बिस्किटें भाजून त्यांवर तांबड्या-हिरव्या साखरेच्या लेपाची नक्षी काढतात. हा प्रकार अस्सल अमेरिकन म्हणून मिरवतो. परंतु ‘कुकी’ हा शब्द मूळचा डच, आणि सफरचंद मध्य आशियांतील डोंगराळ मुलुखाचें! अमेलिया सिमन्सबाईंच्या १७९६ च्या पाकपुस्तकांत कुकीची कृति आढळते. त्या काळची साखर मात्र बहुतांशीं कॅरिबियन बेटांतील गुलामांच्या श्रमांची. १७९१ सालीं पार्लमेंटानें गुलामांच्या व्यापाराची बंदी फेटाळतांच इंग्लंडांतील हजारों कुटुंबांनीं ही साखर वर्ज्य केली. मताधिकार नसलेल्या स्त्रियांचाच त्यांत पुढाकार होता. इतिहासकार मात्र पार्लमेंटांतील भाषणांतच रमतात, याचें आम्हांस नवल वाटतें. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ सालीं झाला; अमेरिकेंत तीस १८६५ साल उजाडावें लागलें.