अपत्य नसलेल्या दांपत्याचे विभक्ततेचे करारपत्र : घर, कर्ज आणि वारसा

शीळफाट्याला मुंब्रा-पनवेल रस्ता आणि कल्याण-शीळ रस्ता एकमेकांना मिळतात. या रस्त्यांच्या दुतर्फा उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांत ख्रिस्ती कुटुंबेही राहावयास आली आहेत. पती-पत्नी दोघेही नोकरी करणारे, घर दोघांच्या नावावर आणि कर्जही दोघांच्या नावावर, असे चित्र येथे सर्रास दिसते. असे एखादे दांपत्य दुर्दैवाने विभक्त होऊ लागले आणि त्यांना अपत्य नसले, म्हणजे नातलग सहज म्हणून जातात, "मुलेबाळे नाहीत, मग अडचण कसली? कागदावर सह्या करा आणि मोकळे व्हा." हा सल्ला आम्हांस धोक्याचा वाटतो. मुलांच्या ताब्याचा प्रश्न येथे नसतो, हे खरे. परंतु घर, कर्ज आणि वारसा हे तीन प्रश्न शिल्लक राहतात, आणि दोघांनी आपसांत केलेला कागद यांपैकी एकाही प्रश्नात तिसऱ्या कोणावर आपोआप बंधनकारक होत नाही.

प्रथम मूळ कायदा पाहू. विवाह झाला म्हणून एकाची मालमत्ता दुसऱ्याची होत नाही, असे १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचे कलम २० सांगते. पत्नीची स्वतःची मिळकत ही तिचीच, हे १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ताविषयक कायद्याने त्याहून आधीच मान्य केले होते. म्हणजे महाराष्ट्रातील ख्रिस्ती दांपत्याच्या बाबतीत "अर्धे-अर्धे" हा नियम नाही. ज्याच्या नावावर दस्त, ज्याने पैसे भरले, त्याचा हक्क, येथून हिशेब सुरू होतो. लग्नात पत्नीला मिळालेले दागिने तिचे. ते वाटणीच्या यादीत धरूच नयेत.

मूळ गोव्याच्या कुटुंबांनी मात्र येथे थांबून चौकशी करावी. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली समाईक मालमत्तेची पद्धत आहे. गोवेकराची मुंबईतील मालमत्ता असली तरी तिच्या वारशाला गोव्याचाच कायदा लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका गोवेकर कुटुंबाच्या खटल्यात दिला.

आता घर. समजा, घराची आजची किंमत ५५ लाख रुपये आहे आणि बँकेचे ३१ लाख फेडावयाचे आहेत. वाटण्याजोगे मूल्य ५५ लाख नव्हे, २४ लाख आहे. दोघांचा हिस्सा सारखा मानला व पत्नीने घर ठेवावयाचे ठरवले, तर तिने पतीला १२ लाख द्यावयाचे आणि ३१ लाखांचे कर्ज एकटीच्या शिरावर घ्यावयाचे. येथवर दोघांची संमती पुरते. परंतु कर्जाच्या करारावर पतीची सही आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ४३ नुसार सहकर्जदारांपैकी कोणाकडूनही बँक संपूर्ण रक्कम मागू शकते. "यापुढील हप्ते पत्नी भरील" हे वाक्य आपल्या करारपत्रात कितीही ठळक लिहिले, तरी बँक त्या कराराची पक्षकार नाही. पत्नीचे तीन हप्ते चुकले की नोटीस पतीलाही येते आणि त्याचीही पत बिघडते.

म्हणून सही करण्यापूर्वी बँकेत जावे. एकीच्या पगारावर बँक कर्ज चालू ठेवील काय, दुसऱ्याचे नाव कमी करील काय, हे लेखी घ्यावे. बँकेने नकार दिला, तर घर विकून कर्ज फेडणे व उरलेली रक्कम वाटून घेणे हाच निर्वेध मार्ग राहतो. तो कटू वाटतो, हे आम्ही जाणतो. घर सोडणे म्हणजे केवळ भिंती सोडणे नव्हे. तरीही विभक्त झाल्यावर दहा वर्षे एकमेकांच्या हप्त्यांची वाट पाहत राहणे त्याहून कटू आहे.

हिस्सा दुसऱ्याच्या नावे करताना नोटरीसमोरचा कागद चालत नाही. नोंदणीकृत दस्तच लागतो. महाराष्ट्रात पती-पत्नींमधील निवासी घराच्या बक्षीसपत्रावर मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे, अन्य आकार वेगळे. मात्र ही सवलत पती-पत्नी या नात्याला आहे. घटस्फोटाचा हुकूम झाल्यावर ते नाते उरत नाही. शिवाय पैसे घेऊन दिलेला हिस्सा हे बक्षीस नव्हे. वरील उदाहरणातील १२ लाख दिले-घेतले जाणार असतील, तर त्या व्यवहाराला बक्षीसपत्राचे नाव देऊ नये. दस्त झाला की गृहनिर्माण संस्थेच्या भागदाखल्यावरील नावही बदलून घ्यावे.

याच परिसराविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याच्या लकी कंपाउंडमधील अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा मृत्यू झाला. अशा इमारतींत घेतलेल्या खोलीचा "मालकी हक्क" अनेकदा केवळ नोटरीच्या कागदावर असतो. तशा खोलीची किंमत धरून कोणी दुसऱ्याला रोख रक्कम देऊ करीत असेल, तर आधी बांधकामाची परवानगी तपासावी. ज्याच्या वाट्याला ती खोली येते, त्याच्या वाट्याला वस्तुतः काय येते, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

लहान कर्जांची यादी दोघांनी एकत्र बसून करावी : पतपेढीचे कर्ज, सोनेतारण, क्रेडिट कार्ड, भिशीचे उरलेले हप्ते, माहेरहून किंवा दिराकडून हातउसने घेतलेले पैसे. एकट्याच्या नावावरचे कर्ज सर्वसाधारणपणे त्याचेच असते. परंतु पतपेढीत दुसरा जामीनदार असेल, तर विभक्त झाल्याने जामीन सुटत नाही. नवा जामीनदार देऊन जुन्याची लेखी मुक्तता घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये 'रजनेश विरुद्ध नेहा' या खटल्यात पोटगीच्या दाव्यांसाठी मालमत्ता व देणी यांच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना घालून दिला आहे. समझोता करणाऱ्यांनीही तोच नमुना वापरला, तर काही विसरत नाही.

वारशाचा प्रश्न बहुतेक करारपत्रांत विसरला जातो. करारपत्राने विवाह संपत नाही. घटस्फोट होण्यापूर्वी पतीचे मृत्युपत्र न करता निधन झाले व अपत्य नसले, तर वारसा कायद्याच्या कलम ३३ नुसार विभक्त राहणाऱ्या पत्नीला अर्धी मालमत्ता मिळते (अपत्ये असती तर एक तृतीयांश मिळाली असती). उरलेली अर्धी पतीच्या वडिलांना जाते. वडील नसल्यास आई व भावंडे वाटेकरी होतात. पत्नी आधी वारली तर पतीचा हक्कही तेवढाच. सून आणि सासरे एकाच घराचे अर्धे-अर्धे मालक होतात, ते असे.

न्यायालयाकडून न्यायिक विभक्ततेचा हुकूम घेतला, तर १८६९ च्या घटस्फोट कायद्याचे कलम २४ त्यानंतर पत्नीने मिळवलेली मालमत्ता वेगळी काढते, आणि ती मृत्युपत्राविना वारल्यास पती हयात नाही असे समजून वारस ठरतात. पतीच्या मिळकतीसाठी त्या कलमात अशी तरतूद नाही आणि खाजगी करारपत्राला तर ते लागूच नाही. म्हणून करारपत्राच्या दिवशीच दोघांनी नवी मृत्युपत्रे करावीत. जुने मृत्युपत्र असेल तर अधिक सावध राहावे : विवाहाने आधीचे मृत्युपत्र रद्द होते, घटस्फोटाने होत नाही. बँक, विमा, भविष्यनिर्वाह निधी व गृहनिर्माण संस्था यांतील नामनिर्देशनेही तपासावीत.

पत्नीने आणखी एक कलम नीट वाचावे. परस्परसंमतीने वेगळ्या राहणाऱ्या पत्नीला पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली निर्वाहभत्ता मागता येत नसे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही तोच अपवाद आहे. तेव्हा "आम्ही राजीखुशीने वेगळे राहत आहोत" असे लिहिताना निर्वाहाची रक्कम, ती देण्याची तारीख आणि चुकल्यास काय, हेही त्याच कागदात लिहून घ्यावे.

संमतीने घटस्फोट मागावयाचा असल्यास २००१ च्या दुरुस्तीने आलेले कलम १०अ दोन वर्षे विभक्त राहण्याची अट घालते. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती एक वर्षाची मानली आणि २०२२ मध्ये तीही मुदत घटनाबाह्य ठरवली. येथे अर्ज करणाऱ्यांनी आपल्या न्यायालयात कोणती मुदत धरली जाते, हे वकिलांना विचारावे. अर्ज केल्यावर वाटणीच्या अटी संमतीच्या अटी म्हणून हुकुमातच समाविष्ट करून घ्याव्यात.

ख्रिस्तसभेच्या दृष्टीने विभक्त राहणे म्हणजे विवाहबंधन तुटणे नव्हे. नियमसंहितेची कलमे ११५१ ते ११५५ याच अवस्थेविषयी आहेत. काही कायदेशीर हक्कांचे रक्षण अन्य मार्गाने होत नसेल, तर नागरी घटस्फोट सहन केला जाऊ शकतो, असे धर्मशिक्षण ग्रंथ परिच्छेद २३८३ मध्ये सांगतो. मूल न होणे हे मात्र विवाह रद्द ठरवण्याचे कारण नव्हे; कलम १०८४ त्याविषयी स्पष्ट आहे. ख्रिस्तसभेच्या विवाह न्यायासनाने विवाह मुळातच अवैध ठरवला, तरी नागरी कायद्यात तो चालूच राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ यांच्या खटल्यात म्हटले. न्यायासनाचा निर्णय हाती आल्यावरही घर, कर्ज आणि वारसा यांसाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावीच लागते.