उतारावरचं शहर

फाळणीत लाहोर गेलं आणि पंजाबला राजधानी उरली नाही. मुख्य अभियंता पी. एल. वर्मा आणि प्रशासक पी. एन. थापर यांनी शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, सुखना आणि पतियाळा की राव या दोन पावसाळी ओढ्यांमधली जागा निवडली. या नव्या राजधानीची, चंदीगडची, खरी सोय इथेच झाली. जमीन ईशान्येकडून नैऋत्येकडे हळूहळू उतरते, म्हणजे सांडपाणी आपल्या पायांनी चालत जाणार!

1951 साली वास्तुविशारद ल कॉर्बुझिए आला. लोक आजही त्याच्या काँक्रीटचे फोटो काढतात, पण गटारांचे कोण काढणार? वास्तविक मोठं धाडस जमिनीखाली होतं. त्याचे सहकारी जेन ड्र्यू, मॅक्सवेल फ्राय आणि पिएर जनरे यांनी शिपायाच्या दोन खोल्यांच्या घरालाही नळ आणि पाण्याचा संडास दिला. त्या काळी देशातल्या अनेक शहरांत मैल्याची पाटी माणसाच्या डोक्यावर होती.

घाण थेट गटारात जात असल्याने दारोदारी सेप्टिक टाकी नव्हती, आणि पाणी जपून वापरण्याची शिस्त मात्र शिकावी लागली नाही. टाकीत गाळ तळाशी बसायला पाणी संथ लागतं. बादल्यांमागून बादल्या ओतल्या, की न कुजलेली घाण शोषखड्ड्यात जाऊन माती तुंबते. टाकीवाला म्हणूनच हात राखून पाणी वापरतो. चंदीगडकराला ती धास्ती नव्हती. त्यात अंगणात हिरवळ, तिलाही पाणी.

पाच लाखांसाठी आखलेलं शहर वाढलं आणि पाणी पुरवणाऱ्या कूपनलिका अपुऱ्या पडल्या. 1983 पासून कजौलीच्या जलकेंद्रातून भाक्रा कालव्याचं पाणी येऊ लागलं. आता शहरातल्या बागांना शुद्ध केलेलं सांडपाणीही घालतात.