दुसऱ्या सीझनचा संशयित

क्राइम सिरीज संपली की ग्रुपवर निकाल ठरलेला असतो: पहिला सीझन भारी, दुसरा गंडला. 'सेक्रेड गेम्स'चं (२०१८, २०१९) तेच झालं, 'दिल्ली क्राइम'चंही.

आपल्याकडे पूर्वी हा प्रश्नच नव्हता. बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम ही जोडी दूरदर्शनच्या 'एक शून्य शून्य'मधली. तीच १९९८ मध्ये 'सीआयडी' घेऊन आली. वीस वर्षांत दीड हजारांवर भाग झाले. दर भागात नवा गुन्हा, दया दार तोडणार आणि पोलीस शेवटी बरोबरच ठरणार. दर्जा घसरला तरी सवय टिकली.

'दिल्ली क्राइम'चा पहिला सीझन (२०१९) रिची मेहता यांनी अनेक वर्षं अभ्यास करून लिहिला, दिग्दर्शितही केला. २०२० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय एमी मिळाला. २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेवरची ही गोष्ट. गुन्हेगार कोण, हे प्रेक्षकाला आधीच माहीत. त्यामुळे पोलिसांचा प्रत्येक छापा आपल्याला योग्यच वाटतो.

दुसरा सीझन २६ ऑगस्ट २०२२ ला आला. दिग्दर्शक बदलले, सातचे पाच भाग झाले, वीण सैल झाली. पण यात 'कच्छा-बनियान' टोळीच्या संशयावरून पोलीस विमुक्त जमातींच्या वस्तीतून माणसं उचलतात आणि खरे गुन्हेगार भलतेच निघतात.

हा संशय जुना आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींनाच जन्मजात गुन्हेगार ठरवलं. त्यांत पारधीही होते. हजेरी द्यायची, गाव सोडायला परवानगी काढायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. म्हणजे सिरीज आली तेव्हा या मुक्तीला सत्तर वर्षं पूर्ण व्हायला पाच दिवस उरले होते.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फासेपारध्यांचे बेडे आहेत. फासे लावून तितर-बटेर धरणारी ही माणसं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो धंदाही गुन्हा ठरला. आजही गावात चोरी झाली की पहिलं बोट बेड्याकडेच जातं. तिथल्या पोराने मोबाईलवर हे दोन्ही सीझन पाहिले, तर त्याला कोणता 'भारी' वाटेल?

कदाचित दोन्ही नाहीत. दुसऱ्या सीझनने प्रश्न योग्य विचारला. पण कॅमेरा शेवटपर्यंत पोलीस अधिकाऱ्यांच्याच खांद्यावर राहिला. उचलून नेलेल्या माणसाची सुटकेनंतरची रात्र कशी गेली, ते दिसलंच नाही. म्हणून दुसरा सीझन मला कमी बांधीव, तरीही जास्त धाडसी वाटतो. पहिला बघून आपण पोलिसांच्या बाजूने निश्चिंत झोपतो. दुसरा बघताना निदान एवढं तरी विचारतो, की जीप आधी बेड्यावरच का गेली?